रूस म्हणजे रशिया नव्हे: मराठी संपादकांना आणि इतिहासलेखकांना खुले पत्र

मराठी नियतकालिकांचे संपादक, इतिहासावर लिहिणारे स्तंभलेखक आणि कोश व पाठ्यपुस्तके सिद्ध करणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी अफनासी निकितीन नावाचा एक व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि विक्रीसाठी आणलेला एक घोडा घेऊन जुन्नरला पोहोचला. पावसाळा त्याने तिथेच काढला. जुन्नरचा बहामनी सरदार असदखान याने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत मिळेल, वर हजार मोहरा मिळतील, नाहीतर घोडाही जाईल आणि हजार मोहरा तुलाच भराव्या लागतील, असे त्याला बजावले. हे संकट का ओढवले तेही निकितीनने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे: हा मुसलमान नसून ‘रूसिन’ आहे, हे खानाला कळले होते.

मराठीत आपण या ‘रूसिन’चे भाषांतर ‘रशियन’ असे करतो आणि पुढे जातो. निकितीन आपल्याकडे आलेला रशियन प्रवासी ठरतो, रेवदंड्याच्या स्मारकाचे छायाचित्र छापले जाते आणि विषय संपतो. पण निकितीन त्वेर शहराचा होता. त्वेर हे तेव्हा मिखाईल बोरिसोविच या राजाचे स्वतंत्र संस्थान होते आणि मॉस्कोने ते १४८५ मध्ये, म्हणजे निकितीनच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी गिळले. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला, आणि ते स्मोलेन्स्क तेव्हा लिथुआनियाच्या राज्यात होते. लॅटिन कागदपत्रांत अधिकृतपणे ‘रूसिया’ म्हटला जाणारा एक सुभा त्या काळी होता खरा, पण तो पोलंडच्या राजाच्या ताब्यात होता आणि त्याचे मुख्य शहर ल्विव्ह होते, जे आज युक्रेनमध्ये आहे. स्वतःसाठी ‘रूसिन’ हा शब्द त्या ल्विव्ह परिसरातले लोक तर अगदी १९ व्या शतकापर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही वापरत होते. मग जुन्नरला घोडा गमावून बसलेला हा माणूस नेमका कोणत्या देशाचा होता, याचे उत्तर ‘रशिया’ या एका शब्दात देऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हे पत्र लिहिण्याचे तात्कालिक कारण तसे किरकोळ आहे. मध्ययुगीन पूर्व युरोपावरचा माझा एक लेख काही काळापूर्वी एका नियतकालिकाने छापला. त्यात मी ‘रूस’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला होता. संपादनाच्या टेबलावर कोणीतरी तो हिंदी समजून एका फटक्यात सगळीकडे ‘रशिया’ करून टाकला. परिणामी ईशान्येकडच्या व्लादिमीर-सुझ्दल संस्थानाचा राजा आंद्रेई बोगोल्युब्स्की याच्या सैन्याने ११६९ मध्ये कीव्ह लुटले, या साध्या घटनेचे वाक्य ‘रशियाच्या राजाने रशियाची राजधानी लुटली’ असे होऊन बसले. एका वाचकाने मला विचारले की हे यादवी युद्ध होते का. त्याला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही, कारण ते यादवी युद्ध होते की दोन वेगळ्या राज्यांमधले युद्ध होते, हाच तर मॉस्को आणि कीव्ह यांच्या इतिहासकारांमधल्या भांडणाचा गाभा आहे. संपादकांनी शोध आणि बदल करण्याच्या एका कळीने त्याचा निवाडा करून टाकला होता.

मूळ शब्दांकडे पाहू. ९ व्या ते १३ व्या शतकात नीपर, व्होल्खोव आणि व्होल्गा या नद्यांच्या खोऱ्यांत जी सत्ता उभी राहिली, तिचे तिच्या लोकांच्या तोंडी असलेले नाव ‘रूस’. ‘रोसिया’ हे त्याच नावाचे ग्रीक रूप आहे. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, चर्चच्या कारभारात ते वापरले जाई. मॉस्कोच्या दरबारात ते १५ व्या-१६ व्या शतकांत हळूहळू रुळले आणि १७२१ मध्ये झार पीटर द ग्रेटने सम्राट ही पदवी घेतली तेव्हा ‘रोसियाचे साम्राज्य’ हे राज्याचे नाव झाले. आजच्या रशियन भाषेतही ‘रूस्की’ आणि ‘रोसिस्की’ ही दोन वेगळी विशेषणे आहेत, एक लोकांचे आणि भाषेचे, दुसरे राज्याचे. युक्रेनी भाषेत भेद आणखी ठळक आहे: ‘रुस्की’ म्हणजे जुन्या रूसचा आणि ‘रोसीस्की’ म्हणजे रशियाचा. ज्या दोन भाषांमध्ये हा वाद चालतो त्या दोन्हींमध्ये दोन शब्द आहेत; आपण मात्र इंग्रजीतून आलेला एकच ‘रशिया’ सगळ्याला चिकटवतो आणि मग आपले वाचक विचारतात की रशियाचा जन्म कीव्हमध्ये झाला असेल तर युक्रेन वेगळा कसा.

इथे मराठीला एक सोय फुकट मिळालेली आहे, आणि ती आपण वापरत नाही याचे मला वाईट वाटते. हिंदीत आजच्या देशाचेच नाव रूस आहे, त्यामुळे हिंदी लेखकाला जुन्या रूससाठी वेगळा शब्द शोधावा लागतो. मराठीत आजचा देश ‘रशिया’ आहे आणि ‘रूस’ हा शब्द मोकळा पडून आहे. मराठी कानाला त्यात रुसण्याचा भास होईल, हे मान्य. पण दोन राष्ट्रांमध्ये या नावावरून चाललेला रुसवा पाहता तेही अगदीच गैरलागू नाही.

नावाची ही गल्लत किती महाग पडते याचे एक उदाहरण व्हर्साय येथे २९ मे २०१७ रोजी घडले. पीटरच्या फ्रान्सभेटीला तीनशे वर्षे झाली म्हणून भरवलेल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने व्लादिमीर पुतिन तिथे गेले होते. फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांच्यासमोर बोलताना त्यांनी फ्रान्सची राणी झालेल्या ‘रूस्की’ आन्नाचा उल्लेख केला. ही आन्ना म्हणजे कीव्हचा राजा यारोस्लाव याची मुलगी. १०५१ मध्ये तिचे फ्रान्सचा राजा पहिला आँरी याच्याशी लग्न झाले. युक्रेनमधून लगेच संतप्त प्रतिक्रिया उमटली की आमची राजकन्या पळवली जात आहे. आता आन्ना रूसची होती हे निर्विवाद आहे. ती ज्या शहरातून गेली ते कीव्ह आज युक्रेनची राजधानी आहे, हेही निर्विवाद आहे. तिची आई इंगेगेर्द स्वीडनच्या राजाची मुलगी होती आणि तिची बहीण नॉर्वेच्या हराल्दला दिली होती, हे या भांडणात कोणालाच आठवले नाही. ११ व्या शतकातल्या राजघराण्याला विसाव्या शतकातले पारपत्र देऊ पाहिले की असे होते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ही सत्ता उभी कोणी केली याकडे वळतो. याचा मुख्य लिखित आधार म्हणजे कीव्हच्या गुहामठात १११३ च्या सुमारास संकलित झालेली आणि परंपरेने नेस्तोर या भिक्षूच्या नावावर असलेली बखर. बखर हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण बखरीवर कितपत भिस्त ठेवावी हे मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला शिकवावे लागत नाही. ती सांगते की ८६२ मध्ये चुद, स्लोव्हेन, क्रिविची आणि वेस या जमातींनी समुद्रापलीकडच्या वर्यागांना, म्हणजे स्कँडिनेव्हियन योद्ध्यांना, निरोप धाडला की आमची भूमी मोठी आणि समृद्ध आहे, पण तिच्यात घडी बसलेली नाही, तेव्हा या आणि आमच्यावर राज्य करा. रुरिक आणि त्याचे दोन भाऊ आले. पुढे ८८२ मध्ये रुरिकचा आप्त ओलेग याने कीव्ह घेतले आणि हे शहर रूसच्या नगरांची माता होईल, असे उद्गार काढले. ही बखर त्या घटनांनंतर अडीचशे वर्षांनी लिहिली गेली, आणि तिची आपल्यापर्यंत पोहोचलेली सर्वांत जुनी प्रत १३७७ ची आहे. तीन भाऊ येऊन राज्य स्थापतात ही कथा कितीतरी देशांत सापडते. निमंत्रणाची गोष्ट तर वंशाच्या हक्काला लोकसंमतीची झालर लावण्यासाठीच रचलेली वाटते. शिवाय निमंत्रण देणाऱ्या चारांपैकी चुद आणि वेस या जमाती स्लाव्हसुद्धा नव्हत्या, फिन्नी भाषा बोलणाऱ्या होत्या. रशियन राष्ट्राने परक्यांना बोलावले, असे या कथेचे सार सांगणारे आणि त्यावर चिडणारे, दोघेही ही बाब वगळतात.

बखर बाजूला ठेवली तरी दुसरे पुरावे उरतात, आणि तेच अधिक बोलके आहेत. ८३९ मध्ये बायझंटाइन सम्राटाच्या वकिलांसोबत काही माणसे ऱ्हाइनकाठच्या इंगेलहाइम येथे फ्रँकांच्या सम्राटासमोर आली. ती स्वतःला ‘ऱ्होस’ म्हणवत आणि आपल्या राजाला खाकान, म्हणजे स्टेप या गवताळ मैदानांमधल्या तुर्की पदवीने संबोधत. चौकशी करता ती स्वीड निघाली, असे फ्रँकिश वृत्तांत नोंदवतो. ९११ मध्ये बायझंटियमशी झालेल्या तहावर रूसच्या वतीने ज्यांची नावे आहेत ते कार्ल, इंगेल्द, फार्लोफ, वेरेमुद असे आहेत, त्यांत स्लाव्ह नाव शोधावे लागते. सम्राट कॉन्स्टंटाइन पोर्फिरोजेनितुस याने १० व्या शतकाच्या मध्यास नीपरवरच्या धबधब्यांची नावे दोन भाषांत दिली आहेत, एक ‘रूसची’ आणि एक स्लाव्हांची, आणि रूसची नावे जुन्या नॉर्स भाषेतून उलगडतात. फिन्नी भाषेत स्वीडनला आजही ‘रुओत्सी’ म्हणतात, आणि बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते रूस हे नाव तिथूनच आले, मुळात ‘वल्ही मारणारे’ अशा अर्थाच्या शब्दावरून. लादोगा सरोवराजवळच्या स्ताराया लादोगा येथील इमारती लाकडाच्या वर्तुळांवरून काढलेली सर्वांत जुनी तारीख ७५३ ची आहे.

तरीही हे सगळे वाचून ‘व्हायकिंगांनी रशिया स्थापला’ असा मथळा देणे चुकीचेच ठरेल. तीन-चार पिढ्यांत हेल्गीचा ओलेग, इंग्वारचा इगोर झाला आणि इगोरच्या मुलाचे नाव स्व्यातोस्लाव, म्हणजे निव्वळ स्लाव्ह. ९४४ च्या तहात हे लोक शपथ घेतात ती थोरची नव्हे, स्लाव्हांच्या पेरुन या देवाची. स्मोलेन्स्कजवळच्या ग्नेझ्दोवो येथे १९४९ मध्ये स्कँडिनेव्हियन पद्धतीच्या एका दफनात मातीची एक सुरई सापडली आणि तिच्यावर सिरिलिक लिपीत एक स्लाव्ह शब्द कोरलेला होता. एका थडग्यात तलवार उत्तरेची, भांडे दक्षिणेचे आणि अक्षरे स्लाव्ह. त्या सत्तेचे याहून नेमके वर्णन मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही. नद्यांवरचा व्यापार, खंडणी वसूल करणारे सशस्त्र जथे, खझार या स्टेपमधल्या तुर्की सत्तेकडून उचललेली खाकान ही पदवी, बायझंटियमकडून आलेला धर्म आणि लिपी, आणि या सगळ्याखाली शेती करणारा मोठा स्लाव्ह व फिन्नी समाज, यांतून ती उभी राहिली. राज्यकर्त्यांची टोळी बाहेरून आली हे खरे असू शकते, आणि राज्य बाहेरून आले हे खोटे असू शकते. दोन्ही एकाच वेळी.

पण हे इतके शांतपणे बोलणे रशियात फार थोड्यांना आणि फार उशिरा परवडले. १७४९ मध्ये पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेरहार्ड फ्रीडरिश म्युलर या जर्मन इतिहासकाराने रशियन लोकांच्या आणि नावाच्या उगमावर व्याख्यान तयार केले आणि त्यात रुरिक स्कँडिनेव्हियन असल्याचे मांडले. स्वीडनशी झालेले युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. चौकशी बसली, अकादमीतला रशियन विद्वान मिखाईल लोमोनोसोव याने कडाडून विरोध केला, छापलेली प्रत नष्ट करण्याचा हुकूम सुटला आणि म्युलरची काही काळ पदावनती झाली. लोमोनोसोवच्या रागात तथ्यापेक्षा अपमान अधिक होता, पण तो अपमान काल्पनिक नव्हता. अकादमीतले बहुसंख्य विद्वान परदेशी होते आणि त्यांतले काहीजण रशियन लोक राज्य करण्यास असमर्थ आहेत असे सुचवत होते. पुढे हिटलरने तर रशियन राज्य हे जर्मन रक्ताचे कर्तृत्व असल्याचे उघडच लिहिले. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सोव्हिएत संघात वर्यागांचे महत्त्व मान्य करणे म्हणजे जवळजवळ शत्रूची बाजू घेणे झाले. बोरिस रिबाकोवसारखे वजनदार पुरातत्त्वज्ञ रूसचे नाव नीपरला मिळणाऱ्या रोस नदीवरून आल्याचे सांगत राहिले. डिसेंबर १९६५ मध्ये लेनिनग्राद विद्यापीठात पुरातत्त्वज्ञ लेव क्लाइन यांनी एका जाहीर वादसभेत पुराव्यानिशी उलट बाजू मांडली, तेव्हा कुठे दार किलकिले झाले. माझ्या पिढीने मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त आणि देखणी मराठी पुस्तके मनापासून वाचली आहेत, आणि त्यांचे ऋण मी नाकारणार नाही. मात्र रशियाच्या आरंभाबद्दलची आपली बरीचशी ठाम समजूत त्या काळातली आहे, आणि ती कोणत्या दडपणाखाली घडली हे आपण कधी तपासलेले नाही.

उगमाचा हा वाद अलीकडे शिळा झाला आहे. जळता वाद वारशाचा आहे. १२४० मध्ये मंगोलांनी कीव्ह उद्ध्वस्त केले. १२९९ मध्ये तिथला महाधर्माध्यक्ष ईशान्येकडच्या व्लादिमीर शहरात राहायला गेला आणि पुढच्या पाव शतकात त्याचे पीठ मॉस्कोला आले. मॉस्को हे बखरीत ११४७ मध्ये प्रथम उल्लेखलेले, तोवर दुय्यम असलेले ठाणे होते. दुसरीकडे हालीच आणि व्होलिनचा राजा दानिलो याने १२५३ मध्ये पोपकडून आलेला ‘रूसचा राजा’ हा मुकुट धारण केला, आणि नंतर कीव्हसह पश्चिम व दक्षिणेचा बहुतेक मुलूख लिथुआनिया आणि पोलंडकडे गेला. म्हणजे घर मोडल्यावर धर्मगुरू एका भावाकडे गेला आणि जुने वाड्याचे जोते दुसऱ्याच्या आवारात राहिले. १५ व्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोचा तिसरा इवान स्वतःला ‘समस्त रूसचा स्वामी’ म्हणवू लागला आणि लिथुआनियाशी झालेल्या वाटाघाटींत त्याच्या वतीने सांगितले गेले की कीव्ह, स्मोलेन्स्क आणि सगळी रूसभूमी ही आमच्या पूर्वजांपासून चालत आलेली ‘ओत्चिना’ आहे. या शब्दाचे मराठी करायला शब्दकोश लागत नाही: वतन. कीव्हवर मॉस्कोचा ऐतिहासिक हक्क म्हणून आज जे सांगितले जाते ते मुळात एका घराण्याच्या वतनाचे भांडण होते, दोन राष्ट्रांचे नव्हे, आणि ते घराणे १५९८ मध्ये निपुत्रिक संपले. १६ व्या शतकात त्याच घराण्याने आपला वंश रोमन सम्राट ऑगस्टसच्या प्रुस नावाच्या कल्पित आप्तापर्यंत नेऊन भिडवला होता. तेव्हा स्कँडिनेव्हियन पूर्वज असण्याची लाज वाटत होती की केवळ रोमची हौस होती, हे ठरवणे कठीण आहे.

एक विसंगती मला नेहमी गमतीची वाटते. कीव्हपासून मॉस्कोपर्यंत एकच प्रजा आणि एकच अखंड राज्य, ही कल्पना छापील रूपात लोकप्रिय केली ती मॉस्कोने नव्हे, तर कीव्हच्याच गुहामठातून १६७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इतिहाससंक्षेपाने. पोलिश कॅथलिक सत्तेपुढे एकाकी पडलेल्या तिथल्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंना मॉस्कोच्या झारचा आश्रय हवा होता, आणि समान पूर्वज दाखवणे हा त्याचा मार्ग होता. ते पुस्तक पुढे रशियात शंभराहून अधिक वर्षे वाचले गेले. करमझिन आणि त्याच्या पुढच्या इतिहासकारांनी त्यातूनच कीव्ह, व्लादिमीर, मॉस्को, पीटर्सबर्ग अशी सरळ रेघ ओढली. १८६२ मध्ये नोव्हगोरोद येथे ‘रशियाची सहस्राब्दी’ साजरी करणारे प्रचंड शिल्प झारच्या हस्ते उभे राहिले. त्यावरच्या शंभराहून अधिक थोरांत इवान द टेरिबल नाही, कारण त्याने १५७० मध्ये याच शहरात केलेली कत्तल शहर विसरले नव्हते. हे शिल्प उभे राहिल्याच्या दुसऱ्याच वर्षी रशियाचा गृहमंत्री वालुयेव याने परिपत्रक काढले, त्यात वेगळी ‘लघुरशियन’ भाषा कधी नव्हती, नाही आणि असू शकत नाही असे म्हटले होते आणि युक्रेनी भाषेतील धार्मिक व शैक्षणिक पुस्तकांवर बंदी आली. सहस्राब्दी आणि बंदी एका वर्षाच्या अंतराने आल्या, हा मला योगायोग वाटत नाही.

या सरळ रेघेला पहिला भरभक्कम आक्षेप युक्रेनी इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की यांनी १९०४ मध्ये घेतला. त्यांचे म्हणणे असे की कीव्हची सत्ता एका समाजाची निर्मिती आणि व्लादिमीर-मॉस्कोची दुसऱ्या समाजाची. रोमन राज्याच्या गॉलमधल्या प्रांतांचा इतिहास जसा रोमचा इतिहास ठरत नाही, तसेच हे. कीव्हचा धागा पुढे हालीच-व्होलिनकडे आणि नंतर लिथुआनिया-पोलंडकडे जातो. हा आक्षेप मला मॉस्कोच्या रेघेपेक्षा अधिक पटतो, पण तोही एक रेघच ओढतो, फक्त दुसऱ्या दिशेला. ११ व्या शतकात कीव्हमध्ये राहणाऱ्या माणसाला आपण युक्रेनी आहोत असे वाटत नव्हते, जसे नोव्हगोरोदच्या माणसाला आपण रशियन आहोत असे वाटत नव्हते. ‘उक्राइना’ हा शब्द बखरींत ११८७ मध्ये प्रथम येतो आणि तिथे त्याचा अर्थ सीमाप्रदेश एवढाच आहे. नोव्हगोरोदच्या चिखलात १९५१ पासून सापडत आलेल्या हजाराहून अधिक भूर्जपत्रांनी तर दाखवून दिले की तिथली बोली कीव्हच्या आणि मॉस्कोच्याही बोलीपेक्षा पुष्कळच निराळी होती. म्हणजे मॉस्कोने १४७८ मध्ये गिळलेले हे प्रजासत्ताक स्वतःच एक तिसरा वारस होऊ शकले असते. नावातच रूस असलेल्या बेलारूसला, आणि त्याच्या पोलोत्स्क या जुन्या राजधानीला, या भांडणात कोणी विचारतही नाही.

दोन्ही राज्यांनी मात्र वारसनोंदीची घाई केलेली आहे. कीव्हच्या टेकडीवर व्लादिमीर राजाचा, युक्रेनी भाषेत व्होलोदिमिरचा, पुतळा १८५३ पासून आहे. मॉस्कोने त्याच राजाचा त्याहून नवा पुतळा नोव्हेंबर २०१६ मध्ये क्रेमलिनच्या भिंतीबाहेर उभा केला. त्याने ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्याची आठवण म्हणून रशियाने २०१० मध्ये २८ जुलै हा दिवस अधिकृत केला; युक्रेनने २०२१ मध्ये आपल्या राज्यत्वाचा दिवस म्हणून तीच तारीख निवडली आणि चर्चचे पंचांग बदलल्यावर तो १५ जुलैला हलवला. १२ जुलै २०२१ रोजी पुतिन यांचा रशियन आणि युक्रेनी यांच्या ऐतिहासिक एकतेवरचा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला, त्यात ओलेगचे नगरमातेचे वचन होतेच. सात महिन्यांनी सैन्य शिरले. २०२३ मध्ये युक्रेनमध्ये एका नागरिक याचिकेने रशियाला यापुढे ‘मॉस्कोव्हिया’ म्हणावे अशी मागणी केली. हल्ला करणारा आणि हल्ला सोसणारा यांना मी एका तराजूत घालत नाही. बाराशे वर्षांपूर्वीच्या वल्हेकऱ्यांनी कुठे ठाणे वसवले होते यावरून आजची सीमा ठरवता येत नाही, आणि तशी ठरवायचीच झाली तर स्वीडनचाही अर्ज घ्यावा लागेल.

आपल्या अंगणातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ होते असे मांडणारा लोकमान्य टिळकांचा १९०३ चा इंग्रजी ग्रंथ २००१ मध्ये रशियन भाषेत आला, आणि तिथे त्याला अशा मंडळींत मोठा वाचकवर्ग मिळाला ज्यांना स्लाव्ह हेच आर्यांचे मूळ वंशज आणि रशियाची उत्तर हीच वेदांची जन्मभूमी असल्याचे सिद्ध करायचे आहे. याचा अभिमानाने उल्लेख करणारे मराठी लेख आणि संदेश मी वाचले आहेत. टिळकांनी तो ग्रंथ ज्या ज्ञानाच्या आधारे लिहिला ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे होते, आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न वेदांच्या काळाचा होता, मॉस्कोच्या मोठेपणाचा नव्हता. मराठी नियतकालिकाने ही बातमी जरूर द्यावी. टाळ्या वाजवण्याआधी मात्र तो ग्रंथ तिथे कोणत्या कामाला जुंपला गेला आहे, हे वाचकाला सांगावे.

तेव्हा माझी विनंती थोडक्यात अशी. १३ व्या शतकापूर्वीच्या त्या सत्तेला मराठीत ‘रूस’ म्हणावे, आणि ‘कीव्हचा रशिया’ हा शब्दप्रयोग सोडून द्यावा. ‘कीव्हन रूस’ ही संज्ञासुद्धा १९ व्या शतकातल्या विद्वानांनी सोयीसाठी घडवलेली आहे, पण ती निदान दिशाभूल करत नाही. मॉस्कोच्या राज्याला १५४७ मध्ये चौथ्या इवानला, म्हणजे इवान द टेरिबलला, झार म्हणून राज्याभिषेक होईपर्यंत मॉस्कोचेच राज्य म्हणावे, आणि ‘रशिया’ हा शब्द त्यापुढच्या काळासाठी राखून ठेवावा. ओलेगचे वचन उद्धृत करायचे झाल्यास ‘रशियन नगरांची माता’ असे न लिहिता ‘रूसच्या नगरांची माता’ असे लिहावे, कारण मूळ बखरीत तेच आहे. राजांची नावे एकदा दोन्ही रूपांत द्यावीत. जुन्या पोथ्यांत ‘व्होलोदिमेर’ असेच आहे, त्यामुळे त्या रूपाला केवळ युक्रेनी हट्ट समजू नये. रुरिकबद्दल लिहिताना ८६२ ही तारीख बखरीची आहे, शिलालेखाची नव्हे, एवढे एक अर्धवाक्य जोडावे. आणि निकितीनच्या छायाचित्राखाली ओळ लिहायची असेल, तर ‘त्वेरचा व्यापारी, रूसभूमीचा रहिवासी’ इतके पुरे आहे. त्याने आपल्या टिपणांत तुर्की-फारसी मिश्रित भाषेत एक प्रार्थना लिहून ठेवली आहे: देव रूसभूमीचे रक्षण करो, या जगात तिच्यासारखी दुसरी भूमी नाही, जरी तिचे सरदार न्यायी नसले तरी. परक्या मुलखात बसूनही ही शेवटची कबुली त्याने आपल्या भाषेत लिहिण्याचे धाडस केले नाही.

आपला नम्र,
एक मराठी वाचक व भाषांतरकार

ता. क. मथळ्यात जागा कमी पडते अशी अडचण आपण सांगाल, म्हणून लिहितो: ‘रूस’मध्ये ‘रशिया’पेक्षा एक अक्षर कमीच आहे.